मामावर गेलाय म्हणत राहिलो... फ्रॅजाइल एक्स, आणि धाकट्या बहिणीला सांगावं का?

निंबोणी | सोमवार, रात्री ११.४०

झोप लागत नाही म्हणून लिहायला बसले. मोठं होईल, सांभाळून घ्या.

पिल्लू साडेचार वर्षांचा आहे. पावणेदोनला चालला, अडीचला पहिला शब्द बोलला. कुणी जवळ घ्यायला गेलं की अंग आकसून घेतो. आनंद झाला की दोन्ही हात पंखांसारखे फडफडवतो. नजरेला नजर देत नाही. कान तर सारखेच वाहतात. माझी आई पहिल्यापासून म्हणायची, "अगं, मामावर गेलाय. तुझा दादा अस्साच होता." चेहरा माझ्यावर, स्वभाव मामावर. मातृमुखी सदा सुखी म्हणून आम्ही ते कौतुकानंच ऐकायचो.

दादा अडतीसचा आहे. पाचवीनंतर शाळा सुटली. दूध आणतो, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालतो, रोज संध्याकाळी नागपूरच्या महाल भागात टिळक पुतळ्यापर्यंत फेरी मारून येतो. पण सुट्टे पैसे मोजता येत नाहीत, आणि घरी अनोळखी माणूस आला की आतल्या खोलीत जाऊन बसतो. त्याच्याबद्दल घरात एकच गोष्ट सांगितली जायची: तीन वर्षांचा असताना ताप आला आणि तो मेंदूत चढला. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही.

पिल्लूला घेऊन आम्ही धंतोली आणि रामदासपेठ पालथं घातलं. एका ठिकाणी "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून परत पाठवलं. दुसरीकडे ऑटिझम सांगितला आणि थेरपी सुरू झाली. तिसरीकडे गुणसूत्रांची तपासणी केली, कॅरिओटाइप. ती नॉर्मल आली. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. जेनेटिक काही नाही असं आम्हाला तोंडी सांगितलं गेलं, त्यावर विसंबून दीड वर्ष गेलं.

या उन्हाळ्यात एका नव्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आईच्या माहेरी असं कुणी आहे?" मी दादाचं सांगितलं. मग म्हणाले, तुमच्या आईच्या वडिलांचे हात थरथरायचे का? मी चमकलेच. नानांचे हात साठीनंतर एवढे थरथरायचे की चहा बशीत सांडायचा, चालताना तोल जायचा. पार्किन्सनचं औषध चालू होतं, त्यानं काहीच फरक पडला नाही. मग विचारलं, आई-मावशीची पाळी लवकर गेली का? मावशीची छत्तिसाव्या वर्षीच गेली. सगळे म्हणायचे, टेन्शन घेते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि एकच तपासणी लिहून दिली.

पिल्लूला फ्रॅजाइल एक्स हा जनुकीय आजार आहे, फुल म्युटेशन. मी वाहक आहे. माझा आकडा ८६.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझी धाकटी बहीण अमरावतीला असते. तिला आठवा आठवडा चालू आहे, पहिलंच. आईनं माझ्याकडून शपथ घेतली, "तिला पाचवा महिना लागेपर्यंत शब्द बोलू नको. सासरी कळलं तर तिचं काय होईल?" डॉक्टर म्हणतात, पाचव्यापर्यंत थांबलात तर उशीर होईल. मी काय करू?


बर्डीकर | सोमवार, रात्री ११.५८

सांगा. उद्याच सांगा. शपथ आईनं घेतली असली तरी पोट बहिणीचं आहे.


वैनगंगा | मंगळवार, सकाळी ७.१५

आईंवर रागावू नका हो. माझ्या नणंदेच्या लग्नाआधी कुणीतरी सासरी सांगितलं की हिचा भाऊ "तसा" आहे, आणि ठरलेलं लग्न मोडलं. त्या वेळी आमच्या सासूबाई महिनाभर घराबाहेर पडल्या नाहीत. तुमच्या आईंनी अडतीस वर्षं दादाला घेऊन असं बरंच सोसलं असेल. त्यांना वाटतं, एका मुलीचं संसाराचं सुख तरी वाचावं. सांगायला तर हवंच. पण सासरी नाही, आधी फक्त बहिणीला. पुढे कुणाला सांगायचं ते तिचं तिला ठरवू द्या.


जनुकवाली | मंगळवार, सकाळी ९.०५

निंबोणी, मी बारा वर्षं जेनेटिक समुपदेशनाचं काम करते. तुमच्या डॉक्टरांनी योग्य प्रश्न विचारले. थोडं सविस्तर लिहिते, कारण हा धागा पुढेही कुणीतरी शोधत येईल.

एक्स गुणसूत्रावर एफएमआर१ नावाचं जनुक आहे. ते १९९१ मध्ये सापडलं. या जनुकाच्या सुरुवातीला सी-जी-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, माळेत एकसारखे मणी ओवावेत तशी. साधारण ४४ मण्यांपर्यंत सगळं ठीक असतं. ४५ ते ५४ हा सीमेवरचा भाग. ५५ ते २०० म्हणजे प्रीम्युटेशन, म्हणजेच वाहक, तुमचा ८६ त्यात येतो. २०० च्या पुढे गेलं, म्हणजे फुल म्युटेशन झालं, की पेशी ते जनुक बंदच करून टाकते. मग त्यापासून बनणारं प्रथिन मिळत नाही, आणि मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या घडायला तेच लागतं. वारशानं येणाऱ्या बौद्धिक अक्षमतेचं हे जगभरातलं सगळ्यात मोठं एकट्या जनुकाचं कारण आहे. साधारण चार हजार मुलग्यांमागे एक.

आता वारसा. प्रीम्युटेशन असलेला पुरुष आपली माळ मुलींना जवळजवळ जशीच्या तशी देतो, आणि सगळ्या मुलींना देतो. मुलग्यांना देत नाही, त्यांना त्याचा वाय जातो. नानांकडून आली असेल तर तुमची आई आणि मावशी दोघी वाहक, आणि दोघी हुशार, धडधाकट. माळ वाढते ती आईकडून पुढे जाताना. जितके मणी जास्त तितकी उडी मोठी. शंभराच्या वर असतील तर पुढच्या पिढीत फुल म्युटेशन होणं जवळजवळ ठरलेलंच, ५५ ते ५९ ला शक्यता अगदी थोडी. मध्ये ए-जी-जी असे वेगळे मणी असतील तर माळ घट्ट राहते, म्हणून चांगल्या प्रयोगशाळा तेही तपासतात.

नानांचा कंप आणि मावशीची लवकर गेलेली पाळी ही दोन्ही प्रीम्युटेशनचीच रूपं असू शकतात. वाहक पुरुषांत पन्नाशीनंतर कंप आणि तोल जाणं बऱ्याच जणांत दिसतं. वाहक बायकांत साधारण पाचातल्या एकीला चाळिशीच्या आत पाळीचा त्रास सुरू होतो. तुम्ही स्वतःही हे लक्षात ठेवा.

आणि कॅरिओटाइपबद्दल. नेहमीच्या कॅरिओटाइपमध्ये फ्रॅजाइल एक्स दिसत नाही. गरोदरपणातल्या डबल मार्करमध्ये नाही, आईच्या रक्तावर होणाऱ्या एनआयपीटीत नाही, सोनोग्राफीत नाही. हजारो रुपयांच्या एक्झोम तपासणीतसुद्धा सहसा सुटतो, कारण ती तपासणी मणी मोजत नाही. याला मणी मोजणारी ट्रिपलेट पीसीआर आणि गरज पडल्यास सदर्न ब्लॉट ही तपासणी लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "फ्रॅजाइल एक्स" असे शब्द लिहिलेले असले तरच ही तपासणी होते.

बहिणीच्या रक्ताची तपासणी आधी. ती वाहक नसेल तर विषय तिथेच संपला. असेल तर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा काढून, म्हणजे सीव्हीएस करून, गर्भाचे मणी मोजता येतात. सोळाव्याच्या पुढे गर्भजल घेऊनही होतं. दोन्हींत गर्भपाताचा धोका अनुभवी हाती शंभरात एकाहून कमी. रक्ताच्या रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून म्हणते की आजचा मंगळवार मोलाचा आहे.


काटोलकर | मंगळवार, दुपारी १.३०

ताई, मी जास्त शिकलेला मानूस नाई, पन एक सांगतो. आमच्या घरी सिकलसेल हाय. माया लग्नाच्या टायमाले बापाले ठाऊक होतं का पोरगा वाहक हाय म्हनून, पन बोलला नाई. बायको बी वाहक निघाली. पोट्टं चार वर्षाचं असतानी मेडिकलमधी भरती केलं तवा आमाले समजलं. थंडी पडली का त्याचे हातपाय दुखतेत, रात्र रात्र रडते. मी बापावर राग धरला नाई, त्याले वाटलं गप बसलं का बला टळते. पन तुमाले आता समजलं. समजल्यावर गप बसनं अलग गोष्ट हाय. बहिनीले सांगून द्या.


आभाळ | मंगळवार, दुपारी ४.२०

हा धागा सकाळपासून दोनदा उघडला आणि दोनदा बंद केला.

माझा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. फुल म्युटेशन. त्याला पूर्ण हरिपाठ पाठ आहे, ऐकून ऐकून. घरात कुणी रडलं तर तो नजर खाली ठेवूनच शेजारी येऊन बसतो, हात लावत नाही, बसतो फक्त. कार्यशाळेत कागदी पिशव्या करतो, महिन्याचे पैसे माझ्या हातात आणून देतो. कठीण दिवसही आहेत. गर्दीत बिथरतो, स्वतःचा हात चावतो, मनगटावर घट्टे पडलेत. आमच्यानंतर कोण, हा प्रश्न मला रोज रात्री पडतो.

तपासणी करू नका असं मी म्हणत नाही. माझ्या मुलीची मी केली, ती वाहक आहे आणि तिला हे लग्नाआधी माहीत होतं. पण "टळलं", "वाचले" हे शब्द वाचले की आत काहीतरी तुटतं. निंबोणी, तुझ्या बहिणीला आकडे सांगशील तेव्हा दादाबद्दलही सांग. तो कुंड्यांना पाणी घालतो तेसुद्धा सांग. जो निर्णय घ्यायचा तो तिनं घ्यावा, पण समोर माणूस ठेवून घ्यावा. नुसतं आजाराचं नाव ऐकून नको.


निंबोणी | मंगळवार, रात्री ९.५०

आभाळताई, तुमचं वाचून खूप रडले. पिल्लूही कुणी रडलं की असाच येऊन बसतो. मला वाटायचं हे फक्त त्याचंच आहे.

उद्या सकाळच्या बसनं अमरावतीला जाते आहे. फोनवर सांगायचं नाही असं ठरवलं. आईला सांगून जाते. शपथ मोडतेय तर तिच्या तोंडावर मोडेन.


मेहकर_मेघा | मंगळवार, रात्री १०.१०

एक शंका. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न होतं. माझं तसंच झालंय. मग आम्हाला हा धोका जास्त का?


जनुकवाली | मंगळवार, रात्री १०.३०

मेघा, फ्रॅजाइल एक्सचा नात्यातल्या लग्नाशी संबंध नाही. पण बौद्धिक अक्षमतेचे बरेच दुसरे आजार असे आहेत, ज्यांत आई आणि बाप दोघंही एकाच जनुकाचे वाहक असावे लागतात. सिकलसेल त्याच पद्धतीनं जातो. आते-मामे भावंडांच्या जनुकांचा आठवा हिस्सा सारखा असतो, म्हणून तिथे धोका वाढतो. कोणत्याही जोडप्याला जन्मजात दोषाची शक्यता शंभरात दोन-तीन धरतात, तुमच्यासारख्यांना त्यात साधारण तेवढीच भर पडते. घाबरण्याइतकं नाही, पण मूल होऊ देण्याआधी एकदा समुपदेशकाला भेटून कुटुंबाचा आलेख काढून घ्या. तीन पिढ्या, दोन्ही बाजू, गेलेली मुलंही धरून.


सनद | बुधवार, सकाळी १०.४०

मी वकील आहे, कायद्यापुरतं लिहिते. पीसीपीएनडीटी कायदा, १९९४, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा, गर्भावर अशी तपासणी करायला मनाई करत नाही. घरात बौद्धिक अक्षमतेचा इतिहास असणं हे त्या कायद्यातच मान्य केलेलं कारण आहे. केंद्र नोंदणीकृत हवं, बहिणीची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत हवी आणि तिची प्रत तिला मिळाली पाहिजे. मराठीत मागा. गर्भाचं लिंग सांगणं मात्र गुन्हा आहे, लेखी, तोंडी की खुणेनं, सगळंच.

गर्भपाताचा प्रश्न आलाच तर गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोघांचं लागतं, आणि गर्भातला गंभीर दोष त्या कारणांमध्ये आहे. चोवीसच्या पुढे वैद्यकीय मंडळ. सज्ञान बाईला फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही मागितली तर कायद्याचं नाव घेऊन विचारा.

आणि दादांबद्दल, कुणी लिहिलं नाही म्हणून. त्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र नसेल तर काढून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमता आहेच. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, आणि आई थकल्यावर कायदेशीर पालक नेमायचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करता येतो. ते आत्ताच करून ठेवा.


बर्डीकर | बुधवार, दुपारी १२.००

सनदताई, शंका आहे. लिंग सांगायचं नाही, आणि मुलींमध्ये परिणाम कमी असतो असं मी कुठेतरी वाचलं. मग रिपोर्टवरून ठरवायचं कसं?


जनुकवाली | बुधवार, दुपारी १२.४५

अवघड प्रश्न आहे आणि मी दर वेळी तिथे अडखळते. मुलग्यात फुल म्युटेशन असेल तर परिणाम जवळजवळ नक्की दिसतो. मुलीकडे दुसरा एक्स असतो, त्यामुळे साधारण निम्म्या मुलींना बौद्धिक अडचण येते, बाकीच्यांना गणितात कच्चेपणा, लाजाळूपणा, चिंता इतपत. लिंग कळत नसल्यानं रिपोर्ट हातात असूनही आईबापांना अर्ध्या अंधारात ठरवावं लागतं. या देशात किती मुली पोटातच गेल्या ते पाहिलं की कायदा तसा का आहे ते मला पटतं. समोर बसलेल्या बाईचा चेहराही दिसतो. दोन्ही खरं आहे.


निंबोणी | नऊ दिवसांनी, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. जे झालं ते लिहिते.

बहिणीनं दार उघडलं आणि म्हणाली, "मला माहीत होतं तू येणार. फोनवर महिनाभर वेगळीच बोलतेस." मी सगळं सांगितलं, आकडे आणि कुंड्या, दोन्ही. ती रडली नाही. तिनं वहीवर मण्यांची माळ काढली आणि मला समजावून सांगायला लावलं. जावई संध्याकाळी आले, त्यांना तिनंच सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "रक्त कधी द्यायचं?" सासू-सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही, ते ती ठरवेल.

काल रिपोर्ट आला. तिचा आकडा ७८. ती वाहक आहे. पुढच्या आठवड्यात नागपूरला सीव्हीएस ठरलं आहे. तुकड्यासोबत तिचंही रक्त पाठवायचं आहे, आईच्या पेशी त्यात मिसळल्या नाहीत ना हे पाहायला.

ती मध्ये दोन दिवस इथे राहून गेली. दादा पहिल्या दिवशी आतल्या खोलीतच होता. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्यासोबत कुंड्यांना पाणी घातलं, काही न बोलता. जाताना तो तिला बसस्टँडपर्यंत पोचवायला आला. एवढ्या गर्दीत तो कधी येत नाही.

आता आईचं. दादाचीही तपासणी आम्ही सोबतच करून घेतली होती. फुल म्युटेशन. तो कागद मी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मग तापानं नाही झालं?" मी म्हटलं, नाही गं, तो आजार जन्माआधीपासूनच होता. तेव्हा तिनं पहिल्यांदा सांगितलं की दादा तीन वर्षांचा असताना सासूचं न ऐकता ती त्याला रामटेकच्या जत्रेला घेऊन गेली होती. परतताना पावसात भिजले, रात्री ताप चढला. पस्तीस वर्षं ती समजत होती की तिनंच त्याला असं केलं. पस्तीस वर्षांत ती एकदाही पुन्हा रामटेकला गेली नाही, आणि आम्हाला वाटायचं की तिला गड चढवत नाही.


वैनगंगा | रात्री ८.४५

आईंना माझा नमस्कार सांगा. डोळ्यांत पाणी आलं.


आभाळ | रात्री ९.१०

आईंना एवढं नक्की सांग की त्यांनी नानांकडून फक्त घेतलं. माळ हातात येताना कुणी विचारत नाही, हवी का म्हणून. मी स्वतःला हेच समजावायला चार वर्षं घेतली.

बहिणीचा निकाल इथे लिहिलाच पाहिजे असं नाही हं. तो तिचा आहे.


निंबोणी | रात्री ९.२५

हो ताई. तो मी लिहिणार नाही, तिनंही तसंच सांगितलंय.


जनुकवाली | रात्री ९.४०

निंबोणी, एक राहिलं. मावशी. पाळीचा इतिहास पाहता ती बहुधा वाहक आहे, मग तिच्या प्रत्येक मुलीला निम्मी शक्यता. मावसबहीण आहे का? तिचं अजून मूल व्हायचं असेल तर तिला सगळ्यात जास्त मोकळीक आहे. आधी तपासणी, मग वाटल्यास आयव्हीएफ करून गर्भ रोवण्यापूर्वीच तपासण्याचा पर्यायही असतो, आणि वाहक बायकांत बीजांडं लवकर कमी होतात हे ध्यानात ठेवून तिला वेळेचाही विचार करता येईल. पोटात असताना धावपळ करण्यापेक्षा हे कितीतरी हलकं.


निंबोणी | रात्री ९.५५

आहे. यवतमाळला. सव्वीस वर्षांची, दिवाळीनंतर लग्न आहे. मावशीनं माझा फोन घेतला नाही, पण बहिणीनं तिला थेट कळवलं होतं. आत्ताच मावसबहिणीचा मेसेज आला. विचारतेय, यवतमाळलाच रक्त काढून इथे पाठवलं तर चालेल का, की उपाशीपोटी नागपूरला यावं लागेल?


जनुकवाली | रात्री १०.०२

उपाशी राहायची गरज नाही. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये तीन-चार मिली पुरतं, गोठवायचं नाही, फ्रीजच्या साध्या कप्प्यात ठेवून दुसऱ्या दिवशी पाठवलं तरी चालतं. सोबत तुमच्या पिल्लूच्या रिपोर्टची झेरॉक्स जोडायला सांगा. आणि चिठ्ठीवर "फ्रॅजाइल एक्स, ट्रिपलेट पीसीआर" असंच लिहून घ्या, नाहीतर कुणीतरी पुन्हा कॅरिओटाइप करून पाठवेल.